आपलेपणाची हद्द

यात्रा कंपनीबरोबर परदेशी गेलेल्या माणसाला एका देशाची एकच हकीकत ऐकायला मिळते. स्वतः तिकिटे काढून, तिथल्या लोकांच्या बसगाड्यांतून सरहद्द ओलांडणाऱ्याला तीच हकीकत दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गावात, पलीकडच्या बाजूने ऐकावी लागते. स्वतंत्र प्रवासाचा हा लाभ की त्याचा जाच, हे ज्याने त्याने ठरवावे. २०२५ च्या मे महिन्यात आम्ही उभयतांनी बल्गेरिया व उत्तर मॅसिडोनिया या दोन देशांत असा प्रवास केला. रिला मठातील भित्तिचित्रे, गुलाबांची दरी, प्लोव्दिव्हचे रोमन रंगमंदिर यांची वर्णने प्रवासवर्णनांतून विपुल आढळतात, त्यांत मी भर घालणार नाही. तिथल्या लोकांची मान ‘नाही’ म्हणताना खाली-वर होते आणि ‘हो’ म्हणताना आडवी हलते, त्यामुळे बसस्थानकावर आमची कशी तारांबळ उडाली, हेही सोडून देतो. सोफियाच्या पश्चिमेकडून निघून सरहद्दीपलीकडच्या स्कोप्ये व बितोला या गावांपर्यंत जाताना जो एक प्रश्न मनात उभा राहिला, तो वाचकांपुढे मांडावा एवढाच या लेखाचा हेतू आहे.

एखाद्याने आपल्या माणसांचे प्राण स्वतःला तोशीस लावून घेऊन वाचवले आणि त्याच आठवड्यात, त्याच राज्ययंत्रणेच्या हातून परक्यांना मरणाच्या स्वाधीन केले जात असता तो गप्प राहिला, तर त्याच्या पुण्याचे काय होते? ते उणावते, की जसेच्या तसे राहते?

सोफियापासून नैर्ऋत्येला सुमारे ९० किलोमीटरवर क्युस्तेंदिल नावाचे उष्णोदकाच्या झऱ्यांचे आणि चेरीच्या बागांचे शांत गाव आहे. बसने तिथे जायला दोनेक तास लागतात. पर्यटक तिथे फारसे दिसत नाहीत. दिमितर पेशेव हे या गावचे. १९४३ साली ते बल्गेरियाच्या संसदेचे उपाध्यक्ष होते आणि त्यांच्या स्मरणार्थ गावात एक घर-संग्रहालय उभे आहे. दुसऱ्या महायुद्धात बल्गेरिया जर्मनीच्या गोटात होता. जानेवारी १९४१ मध्ये तिथे ‘राष्ट्र संरक्षणाचा कायदा’ अमलात आला आणि ज्यूंच्या व्यवसायांवर, मालमत्तेवर, विवाहांवर बंधने आली. पेशेव त्या कायद्याच्या बाजूचे होते, हे नमूद करायला हवे. ते कोणी जन्मजात संत नव्हते. शिस्तीने वागणारे, सत्तारूढ बाजूचे, कायद्याचे शिक्षण घेतलेले एक प्रतिष्ठित गृहस्थ होते.

२२ फेब्रुवारी १९४३ रोजी ज्यूविषयक खात्याचे प्रमुख अलेक्सांदर बेलेव आणि जर्मनांचे प्रतिनिधी थिओडोर डानेकर यांच्यात करार झाला. २० हजार ज्यू जर्मनांच्या हवाली करायचे असे ठरले. मसुद्यात हे लोक ‘नव्या प्रदेशांतील’, म्हणजे युद्धात बल्गेरियाच्या ताब्यात आलेल्या थ्रेस व मॅसिडोनिया येथील, असे शब्द होते. मागाहून त्या शब्दांवर लेखणीने काट मारलेली आहे. कारण उघड आहे: नव्या प्रदेशांत मिळून बारा हजारांच्या आसपासच ज्यू होते. आकडा भरायचा तर उरलेले जुन्या बल्गेरियातून न्यावे लागणार होते. ज्याचे आयुष्य सरकारी कागदांत गेले, त्याला मसुद्यातील खाडाखोड मजकुरापेक्षा अधिक सांगून जाते. त्या एका काटेने क्युस्तेंदिलची माणसे यादीत आली.

बातमी फुटली ती बेलेव यांच्याच कार्यालयातून. त्यांच्या सचिव लिलियाना पानित्सा यांनी आपल्या माहितीतल्या ज्यू पुढाऱ्यांना गुप्तपणे सावध केले. इथे मी किंचित थांबतो, कारण हा प्रसंग माझ्या पेशाला अगदी जवळचा आहे. शासकीय सेवकाने कार्यालयीन गोष्ट बाहेर सांगू नये, हा नियम कुठल्याही देशाच्या सेवानियमांत असतो आणि तो योग्यच आहे. सरकारी गुपिते ज्याला त्याला सांगत सुटणारा कारकून हा सामान्यतः लाचखाऊ असतो, हुतात्मा नव्हे. तरीही या बाईंनी मोडला तो नियम मोडण्यासाठीच होता, याविषयी माझ्या मनात संदेह नाही. नियम पाळण्याची सवय ज्याच्या अंगी मुरली आहे, त्यालाच नियम कुठे संपतो हे कळायला हवे. नियम कधी पाळलेच नाहीत, त्याला ते कळण्याचा प्रश्नच येत नाही. पानित्सांना कळले. त्याच कार्यालयातल्या इतर अनेकांना कळले नाही, किंवा कळूनही ते याद्या बिनचूक करीत राहिले.

८ मार्च रोजी क्युस्तेंदिलहून चार गृहस्थ सोफियाला आले आणि पेशेवांना भेटले. गावातल्या ज्यू कुटुंबांना नेण्याची तयारी चालली आहे, काही तरी करा, असे त्यांचे सांगणे होते. ९ तारखेस पेशेव काही सहकारी खासदारांसह गृहमंत्री पेतर गाब्रोव्स्की यांच्याकडे गेले, हटून बसले, आणि त्या रात्री जुन्या बल्गेरियातील ज्यूंना पाठवण्याचा हुकूम तहकूब झाला. प्लोव्दिव्हमध्ये तोपर्यंत लोकांना घरांतून काढून एका शाळेत कोंडले होते, ते १० मार्चला सुटले. तिथले धर्माध्यक्ष किरिल त्या लोकांसाठी स्वतः उभे राहिले होते. पेशेव एवढ्यावर थांबले नाहीत. १७ मार्चला त्यांनी पंतप्रधानांना निषेधाचे पत्र दिले, त्यावर त्यांच्यासह ४३ खासदारांच्या सह्या होत्या आणि त्या सर्व सरकारपक्षाकडच्या होत्या. याची किंमत म्हणून महिनाअखेरीपर्यंत त्यांचे उपाध्यक्षपद गेले. पुढे मे महिन्यात सोफियातील ज्यूंना शहराबाहेर खेड्यापाड्यांत हलवण्यात आले, हाल पुष्कळ झाले, पण बल्गेरियाचे सुमारे ४८ हजार ज्यू युद्धातून जिवंत राहिले. जर्मनीच्या मित्रराष्ट्रांत अशी उदाहरणे फार थोडी. युद्धानंतर नव्या राजवटीच्या न्यायालयाने याच पेशेवांना १५ वर्षांची शिक्षा ठोठावली. ते लवकर सुटले, परंतु उरलेले आयुष्य विस्मृतीतच गेले आणि १९७३ मध्ये ते वारले.

ही हकीकत ऐकून क्युस्तेंदिलहून परतताना मन भरून येते. बल्गेरियाने तिचा अभिमान बाळगावा हेही स्वाभाविक आहे.

दोन दिवसांनी आम्ही सोफियाहून स्कोप्येची बस धरली. रस्ता क्युस्तेंदिलवरूनच जातो. तिथून वीस-बावीस किलोमीटरवर ग्युएशेवोचे नाके लागते, पारपत्रांवर शिक्के बसतात, आणि पलीकडे उत्तर मॅसिडोनिया सुरू होतो. डोंगर तेच, झाडे तीच, दोन्ही बाजूंच्या भाषा परस्परांना सहज कळाव्यात इतक्या जवळच्या. स्कोप्येत वर्दर नदीवरच्या दगडी पुलापासून जवळच, जुन्या ज्यू वस्तीच्या जागी, एक मोठे स्मारक-संग्रहालय २०११ मध्ये उघडले. तिथे त्रेब्लिंकाहून आणलेली रक्षा कलशांत ठेवली आहे. आणि तिथे तोच मार्च महिना दुसऱ्या बाजूने वाचावा लागतो.

थ्रेसमधील ज्यूंना ४ मार्चच्या पहाटेच घरांतून उचलले होते. मॅसिडोनियातील ज्यूंची पाळी आली ११ मार्चला, म्हणजे सोफियात तहकुबीचा हुकूम निघाल्यानंतर दोन दिवसांनी. स्कोप्ये, बितोला, श्तिप या गावांतून सात हजारांवर माणसे ‘मोनोपोल’ नावाच्या तंबाखूच्या वखारीत कोंडण्यात आली. तिथून त्रेब्लिंकाकडे आगगाड्या सुटल्या त्या २२, २५ आणि २९ मार्च रोजी. पेशेवांचे पत्र १७ तारखेचे आहे. म्हणजे पत्र पंतप्रधानांच्या मेजावर पोचले तेव्हा ही माणसे अजून वखारीत होती, पोलीस बल्गेरियाचे होते आणि पहिली गाडी सुटायला पाच दिवस अवकाश होता. पत्राचा सारा आधार मात्र असा की, हे लोक बल्गेरियाचे नागरिक आहेत, त्यांना त्यांच्याच देशातून हाकलता येणार नाही. वखारीतली माणसे त्या वाक्यात बसत नव्हती. जून १९४२ च्या एका हुकमाने नव्या प्रदेशांतील रहिवाशांना बल्गेरियाचे नागरिकत्व देण्यात आले होते, त्यातून ज्यूंना वगळले होते. नव्या प्रदेशांतून एकूण ११,३४३ माणसे पाठवली गेली. परत जवळजवळ कोणीच आले नाही.

वखारीतूनही थोडे लोक सुटले: काही डॉक्टर, औषधविक्रेते, आणि परदेशी नागरिकत्वाचे कागद असलेले काही. या शेवटच्यांत स्पेनचे नागरिकत्व असलेलेही होते. या तपशिलाशी मी बराच वेळ घुटमळलो. कारण या साऱ्या समाजाचे पूर्वज १४९२ मध्ये स्पेनमधून हाकलले गेले होते. ऑटोमन सुलतानांच्या राज्यात त्यांना आसरा मिळाला आणि साडेचारशे वर्षे ते घरात जुन्या स्पॅनिशपासून बनलेली लादिनो भाषा बोलत राहिले. भोवती तुर्की, मॅसिडोनियन, ग्रीक, अल्बानियन यांचा गलबला असता मुलांना लादिनोत गोष्टी सांगत राहिले.

स्कोप्येहून दक्षिणेला बसने तीन तासांवर असलेल्या बितोलात हे अधिक जाणवते. तिथे युद्धापूर्वी तीन हजारांहून अधिक ज्यू राहत होते. गावाबाहेर टेकडीच्या उतारावर त्यांचे जुने दफनस्थान आहे, शतकांपूर्वीच्या आडव्या शिळा गवतात पडलेल्या आहेत. तिथे पुढच्या पिढ्यांच्या शिळा नाहीत, हीच त्या जागेची नोंद. बितोलाच्या या लोकांनी १९१२ नंतर घर न सोडता तीन राज्ये पाहिली: ऑटोमन गेले, सर्बियाचे म्हणजे पुढे युगोस्लाव्हियाचे आले, १९४१ मध्ये बल्गेरियाचे आले. दरवाजा तोच, त्यावर हुकूम डकवणारा मात्र वेगळा.

आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या घराण्यांतील वाचकाला हे वाचताना काय वाटेल, ते मी सांगायला नको. माझ्या आजोबांनीही इंदूरचे घर न सोडता होळकरांचे राज्य, १९४८ चा मध्य भारत आणि १९५६ चा मध्य प्रदेश अशी तीन राज्ये पाहिली. बेळगावकडच्या मंडळींना त्याच १९५६ सालाची निराळी आठवण आहे. पण साम्य इथेच थांबते आणि थांबवलेच पाहिजे. आमचा दरवाजा कोणी पहाटे ठोठावला नाही. आमच्या किरकोळ कुरबुरी त्या वखारीशेजारी नेऊन ठेवणे हा त्या लोकांचा अवमान होईल. एवढेच म्हणतो की, ‘इथले’ आणि ‘बाहेरचे’ ही रेषा जमिनीवर नसून कागदावर असते, हे आपल्या लोकांना समजावून सांगावे लागत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. पेशेवांवर ठपका ठेवणे सोपे आहे आणि मला ते क्षुद्रपणाचे वाटते. त्यांच्या दारी क्युस्तेंदिलची माणसे आली होती, बितोलाचे कोणी आले नव्हते. त्यांच्या हाती एकच शस्त्र होते, कायदा. आणि ते शस्त्र नागरिकत्वाच्या हद्दीपर्यंतच पोचत होते. त्यापलीकडे हात घातला असता तर कदाचित आतलेही हातचे गेले असते. हा बचाव खरा आहे. पण हाच बचाव देशाने आपल्यासाठी वापरला की तो खोटा होतो. कारण देशापाशी दुसरी साधने होती, आणि नागरिकत्वाची ती हद्द त्यानेच आखली होती.

८ मार्च २०१३ रोजी, सत्तर वर्षांनी, बल्गेरियाच्या संसदेने एक ठराव केला. आपल्या ज्यूंच्या सुटकेचे त्यात स्मरण आहे आणि ११,३४३ जणांविषयी खेदही आहे. मात्र शब्द असे योजले आहेत की, ते लोक जर्मन अधिकारक्षेत्रातील होते आणि स्थानिक बल्गेरियन प्रशासन त्यांना नेणे थांबवण्याच्या स्थितीत नव्हते. मी आयुष्यभर असे मसुदे वाचले आहेत आणि काही लिहिलेही आहेत. ‘थांबवण्याच्या स्थितीत नव्हते’ हे वाक्य, करणाऱ्याला बघ्याच्या रांगेत नेऊन उभे करते. वखारीची कुलपे कोणाकडे होती, पहारा कोणाचा होता, याद्या कोणत्या लिपीत होत्या, हे त्या वाक्यातून बाहेर राहते. दुसऱ्या बाजूला स्कोप्येतही या मृतांना सुखाने राहू दिलेले नाही. इतिहास आणि भाषा यांच्या वादावरून बल्गेरियाने नोव्हेंबर २०२० मध्ये उत्तर मॅसिडोनियाची युरोपीय संघाशी व्हायची बोलणी अडवली, ती अडवणूक २०२२ मध्ये सुटली. अशा वादात ११,३४३ हा आकडा पुरावा म्हणून पुढे केला जातो, आणि पुरावा झालेली माणसे दुसऱ्यांदा परकी होतात.

शासकीय हिशेबाचा एक नियम आहे, जो नव्या कर्मचाऱ्याला पहिल्यांदा विचित्र वाटतो. विभागाकडे आलेली जमा परस्पर खर्चाला लावता येत नाही. जमा पूर्णपणे ट्रेझरीत भरायची, खर्च स्वतंत्र मंजुरीने स्वतंत्र शीर्षाखाली दाखवायचा. वजाबाकी करून राहिलेला आकडा लिहिला तर लेखापरीक्षक हरकत घेतो, कारण वजाबाकीत दोन्ही बाजू लपतात. मला वाटते नीतीचा हिशेबही असाच ठेवायला हवा. ४८ हजारांतून ११,३४३ वजा करून उरलेल्या छत्तीस हजारांचे पुण्य बल्गेरियाच्या नावे लिहिणे हास्यास्पद आहे. पण आज जगाचे बरेचसे न्यायनिवाडे असेच चालतात. कोणी बचावाचा आकडा दाखवून दुसरा झाकतो, कोणी बळींचा आकडा दाखवून पहिला पुसतो. इस्रायलमध्ये एका स्मृतिवनात बल्गेरियाचा राजा तिसरा बोरिस याच्या सन्मानार्थ फलक होता. मॅसिडोनिया व थ्रेसच्या बळींच्या नातेवाइकांनी आक्षेप घेतल्यावर एका समितीने विचार केला आणि २००० साली तो काढण्यात आला. त्याच इस्रायलच्या याद वाशेम संस्थेने पेशेवांचा मात्र गौरव केला आणि तो कायम आहे. एकाच देशाच्या दोन माणसांची दोन खाती वेगळी ठेवली, हे मला उचित वाटते. राजाने वाचवले की उशीर करून वाचू दिले, हा वाद विद्वान अजून करतात, तो त्यांच्यावर सोपवतो.

यावर कोणी म्हणेल, मग ‘आपले’ आणि ‘परके’ हा भेदच टाकून द्यावा. सारी पृथ्वी हेच कुटुंब, या अर्थाचे सुभाषित आपण प्रत्येक समारंभात ऐकतो. हितोपदेशात ते कोणाच्या तोंडी आहे, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. हरणाला जाळ्यात अडकवून त्याचे मांस खाऊ पाहणारा कोल्हा ते म्हणतो. अनोळख्याशी मैत्री करू नकोस असे कावळा हरणाला बजावत असतो, त्याला उत्तर म्हणून. नारायण पंडिताने हे सहज केले असेल असे मला वाटत नाही. साऱ्या जगावर प्रेम करणे स्वस्त पडते, कारण जग कधी दार ठोठावीत नाही. पेशेवांचे प्रेम एका गावापुरते, फार तर एका देशापुरते होते, पण त्याला त्यांचे पद लागले. मर्यादित आपलेपणातून निदान ४८ हजार जीव राहिले. अमर्याद आपलेपणाच्या भाषणांतून किती राहिले, हे मला कुठे वाचायला मिळाले नाही.

तरीसुद्धा बितोलाच्या टेकडीवर हा युक्तिवाद पुरा पडत नाही. गाव आणि ओळख यांवरच दया अवलंबून असेल, तर ज्यांना ओळखणारा कोणी राजधानीत नाही त्यांनी काय करावे? आणि आपल्यांपैकी कोण, कधी, कोणत्या कागदाच्या काटेने त्या लोकांत जाऊन पडेल, याचा नेम काय?

त्याच मार्च महिन्यात थ्रेसच्या ज्यूंच्या गाड्या खुद्द बल्गेरियातून उत्तरेला, डॅन्यूबवरच्या लोम बंदराकडे नेल्या जात होत्या. तिथून बोटींनी व्हिएन्ना आणि पुढे त्रेब्लिंका. सोफियाचे धर्माध्यक्ष स्तेफान रिला मठाकडे निघाले असता दुपनित्सापाशी त्यांना या गाड्या दिसल्या. ही माणसे त्यांच्या धर्माची नव्हती, त्यांच्या धर्मप्रांतातील नव्हती, देशाच्या कागदांवर नागरिकही नव्हती. त्यांनी राजाला कळवले. त्याने गाड्या थांबल्या नाहीत, परंतु मे महिन्यात सोफियाच्या ज्यूंसाठी स्तेफान ज्या निकराने उभे राहिले, त्यामागे दुपनित्साला पाहिलेले दृश्य नसेल असे मला म्हणवत नाही.

आणि लोमच्या स्थानकावर नादेझ्दा वासिलेवा नावाच्या परिचारिका होत्या. बंद डब्यांतून पाण्यासाठी हाका येत होत्या. पोलिसांचा पहारा असताना त्यांनी डब्यांपर्यंत पाणी आणि खाण्याचे जिन्नस पोचवले. डब्यांत कोण आहेत, कुठल्या गावचे, कोणत्या हुकमाखाली, यातले त्यांना कितपत माहीत होते कोण जाणे. त्या माणसांची भाषा बहुधा त्यांना समजलीही नसेल. याद वाशेमने त्यांचे नाव २००१ मध्ये आपल्या यादीत घेतले.